चैत्रांगण, सर्वांसाठी खुले

बनियन घालून विळीवर कैऱ्या चिरीत बसलेला मी, हे दृश्य पाहण्याचा अधिकार माझ्या मते या जगात फक्त एका व्यक्तीला होता, आणि तोही विवाहाने प्राप्त झालेला. असे असता चेन्नईच्या मराठी मंडळाच्या बैठकीत, मोटारींच्या कारखान्यात नोकरीला असलेला एक तरुण इंजिनिअर खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "काका, कैऱ्या काय बारीक चिरता हो तुम्ही. आमच्या हिला मुद्दाम दाखवला तो फोटो."

कोणता फोटो, असे मी विचारले. त्याने मोकळेपणी सांगितले. माझ्या पत्नीचे इंटरनेटवर खाते आहे, त्यात घरातल्या फोटोंचा एक अल्बम आहे, आणि तो कुणालाही पाहता येतो. "कुणालाही म्हणजे?" मी विचारले. "म्हणजे कुणालाही, काका," तो म्हणाला, आणि चहा आणायला गेला.

मी बैठक अर्धवट सोडली. नुंगंबाक्कमहून अण्णा नगरला येईपर्यंत रिक्षात मी पत्राचा मजकूर मनातल्या मनात तयार केला. पत्र कुणाला, हे तेवढे ठरले नव्हते.

माझा स्वभाव येथे सांगणे आवश्यक आहे, नाही तर पुढचा प्रकार अतिशयोक्त वाटेल. मी केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात नोकरी केली. रात्रीच्या कॉलेजात कायद्याची पदवी घेतली, पण वकिली कधी केली नाही. त्यामुळे आयुष्यभर न वापरलेला कायदा माझ्यापाशी शिल्लक राहिला आणि निवृत्तीनंतर तो पत्रांच्या रूपाने बाहेर पडू लागला. आमचा पोस्टमन जिन्यात उभा राहून पोस्टकार्डे वाचत असे आणि वरच्या मजल्यापर्यंत बातमी पोचवत असे. त्याबद्दल मी पोस्टमास्तरांना लिहिले. इमारतीच्या वॉचमनच्या वहीत 'भेटीचे कारण' असा रकाना होता. आमच्याकडे कोण कशासाठी येतो हे इमारतीला समजण्याचे कारण काय, असे विचारणारी माझी पत्रे त्या संस्थेच्या दप्तरात एका स्वतंत्र फाइलीत आहेत, असे मला सेक्रेटरींनी जरा थकलेल्या आवाजात सांगितले होते. घराच्या उंबरठ्याच्या आत जे घडते ते घराचे, हे माझे तत्त्व. आणि माझ्याच घराने माझे बनियन जगाला दाखवले होते.

ही दोन हजारच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. तेव्हा तरुण मुलांच्या तोंडी एका संकेतस्थळाचे नाव सतत असे. आता ते कुणाला आठवतही नाही. तेथे प्रत्येकाचे एक पान असायचे, त्यावर इतरांनी चार ओळी लिहायच्या, आणि त्या ओळींना स्क्रॅप म्हणायचे. आमची मुलगी बॉस्टनला असते. तिने आईला नातवाचे फोटो दिसावेत म्हणून हे खाते उघडून दिले होते. ते केवळ नातवासाठी आहे अशी माझी समजूत होती.

घरी आल्यावर मी संगणक सुरू करायला सांगितले. पत्नीने काही न विचारता सुरू केला. कैऱ्या चिरणारा मी पडद्यावर अवतरलो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठी आंब्याची डाळ करायची होती, कैऱ्यांचा ढीग होता, दुपारचा उकाडा होता, आणि चेन्नईच्या चैत्रात बनियन हाच पूर्ण पोशाख होय. ते सर्व मान्य. पण खाली तिने लिहिले होते, 'आमच्याकडचा खरा आचारी', आणि त्याखाली मला सर्वस्वी अपरिचित अशा माणसांनी मला शाबासकी दिली होती.

मग मी स्क्रॅप वाचले. कुठल्या कुठल्या गावची मुले 'हाय, माझ्याशी मैत्री करणार का' असे लिहून गेली होती. यापेक्षा मला धक्का दिला तो तिच्या उत्तरांनी. तिने प्रत्येकाला उत्तर दिले होते. 'बाळ, मी तुझ्या आईच्या वयाची आहे. वेळेवर जेवत जा.' दारावर आलेल्या माणसाला ती आजवर कधी न बोलता परत पाठवीत नसे, आणि हे पान तिला दारच वाटत होते. मदुराईच्या एका मुलाने यावर रसम कसे करायचे ते विचारले होते. तेही तिने सविस्तर कळवले होते.

आणि सर्वांत वर, खात्याचे नाव. ते नाव मी पाहत राहिलो. ते तिचे माहेरचे नाव होते.

लग्नात मी ताटातल्या तांदळावर अंगठीने तिचे नवे नाव लिहिले, तेव्हापासून रेशनकार्ड, पासबुक, पासपोर्ट, विमा, मतदारयादी, सर्वत्र तेच नाव आहे. मी तिच्या निदर्शनास आणले की या संकेतस्थळाच्या अटींनुसार माहिती खरी द्यावी लागते. सबब ती अटीचा भंग करीत आहे.

"ते माझंच नाव आहे," ती म्हणाली. "कुणाचं चोरून आणलेलं नाही."

मी म्हणालो की कायद्याच्या दृष्टीने ते नाव आता अस्तित्वात नाही.

"मग कळवा ना त्या कंपनीला. तुम्हाला पत्ते बरोबर सापडतात."

पत्ता मला सापडला. जवळच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये जाऊन मी अटींचा संपूर्ण मसुदा छापून आणला आणि तांबड्या पेन्सिलीने वाचला. त्या वयापर्यंत मी अनेक करार वाचले होते. पण एका पक्षाने दुसऱ्याला इतके कमी देऊन इतके घेतल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात नव्हते. गोपनीयतेच्या पानावर प्रत्येक गोष्टीपुढे मोजके पर्याय होते. सर्वांना दाखवा. मित्रांना दाखवा. मित्रांच्या मित्रांना दाखवा. मी पत्नीला म्हणालो की आज, आत्ता, सर्व ठिकाणी 'मित्रांना' असे करावयाचे, नाव बदलावयाचे, आणि प्रकरण मिटवावयाचे.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात पुसायचे थांबली.

"तसं केलं तर ती मला शोधणार कशी?"

ती कोण, हे मला माहीत नव्हते. इतक्या वर्षांच्या संसारात मी ते कधी ऐकले नव्हते असे मला वाटते. ती म्हणाली की सांगितले होते, मी तेव्हा कुणाला तरी पत्र लिहीत होतो. दोन्ही शक्य आहे.

माझी पत्नी पेरांबूरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढली. तिचे वडील रेल्वेच्या नोकरीने महाराष्ट्रातून येथे आले. तिचे मराठी अजूनही वाक्याच्या शेवटी तमिळसारखे वर चढते. शेजारच्या क्वार्टरमध्ये एक तमिळ कुटुंब होते आणि त्या घरातली मुलगी हिच्याच वयाची. दोघी एका वर्गात, एका बाकावर. शाळा संपते न संपते तोच मैत्रिणीच्या वडिलांची बदली झाली. पुढे त्यांनी एकमेकींना पत्रे लिहिली. मग दोघींची लग्ने झाली, पत्ते बदलले, बदल्या झाल्या, आणि शेवटचे पत्र परत आले. मैत्रिणीचे लग्नानंतरचे नाव हिला कधी कळले नाही. हिचे तिला कळले नाही.

"मी तिला शोधायचं म्हटलं तर कुठल्या नावानं शोधू?" पत्नी म्हणाली. "त्यांच्यात आडनाव नसतं. वडलांचं इनिशियल गेलं असेल, नवऱ्याचं लागलं असेल. या गावात त्या नावाच्या बायका काय कमी आहेत? तिनंच मला शोधायला पाहिजे. आणि तिला माझं हेच नाव ठाऊक आहे. हे एकच."

अटींच्या मसुद्यावरची तांबडी पेन्सिल मी खाली ठेवली. नावाच्या मुद्द्यावर माझी बाजू कायद्याने भक्कम होती, हे मी आजही म्हणतो. पण प्रतिपक्षाला काय हवे आहे हे समजल्यावर खटला पूर्वीसारखा लढवता येत नाही.

तडजोड जेवणाच्या टेबलावर झाली. घरातले फोटो, विशेषतः बनियनचे, फक्त मित्रांना. पत्ता व दूरध्वनी कुणालाही नाही. नाव राहील. स्क्रॅप लिहिण्यास सर्वांना मुभा राहील, कारण मैत्रीण आली तर परकी म्हणूनच येणार. मात्र चेहरा काढावयाचा. परक्या मुलांसमोर तिचा चेहरा मला मान्य नव्हता. येथे ती अडली.

"चेहरा काढला तर तिथे काय राहील? रिकामी चौकट? गेलेल्या माणसाचं पान वाटतं ते."

मी फुलाचे चित्र सुचवले. फुले सगळ्याच बायका लावतात, ती म्हणाली. देवाचे सुचवले. तेही सगळ्या लावतात. ती उठून गेली, आणि मला वाटले की तडजोड फिसकटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला हाक मारली. "अहो, कॅमेरा घेऊन या जरा."

चैत्र चालू होता, आणि देवघरासमोर तिने नेहमीप्रमाणे चैत्रांगण काढले होते. ते तिच्या आईकडून आलेले. मध्यभागी झोपाळ्यावर गौर, भोवती सूर्य, चंद्र, शंख, कमळ, कासव, नाग, तुळशीवृंदावन, गोपद्मे, फणी-करंडा. फरशीवर गुडघे टेकून ती कडेच्या एका आकृतीकडे बोट दाखवीत होती. "हे नीट येऊ दे."

ती आकृती मला परिचित होती. लग्नापासून प्रत्येक चैत्रात मी ती झोपाळ्याच्या उजव्या अंगाला पाहत आलो होतो: खाली रुंद, वर घुमटासारखी, माथ्यावर लहान गोळा. ते देवळाचे शिखर आहे, अशी माझी खात्री होती. हळदीकुंकवाला येणाऱ्या स्त्रियांच्या यजमानांना मी ते तसे समजावूनही सांगितले होते; दक्षिणेत राहिलेल्या मराठी घरांतून चैत्रांगणावर द्राविड शिखराची छाया पडली, असे माझे एक छोटे विवेचन तयार होते.

"शिखर कुठलं?" पत्नी म्हणाली. "इडलीचं भांडं आहे ते."

गौरीच्या चैत्रांगणात इडलीचे भांडे, असे मी उद्गारलो असेन. तिने मग सांगितले. पेरांबूरला तिची आई चैत्रांगण काढीत असताना शेजारची ती मैत्रीण शेजारी बसून सगळे पाहत असे. एके वर्षी तिने विचारले, "मामी, देवीला झोपाळा आहे, फणी आहे, आरसा आहे. सकाळी खाणार काय ती?" आणि चिमटीत रांगोळी घेऊन झोपाळ्याजवळ इडलीचे भांडे काढून दिले, झाकणासकट. सासूबाई हसल्या आणि त्यांनी ते पुसले नाही. पुढे दर चैत्रात ते भांडे मैत्रीणच काढू लागली. ती गेल्यावर हिने काढायला सुरुवात केली, आणि मग हिने कधी सोडले नाही.

मी ते छायाचित्र तीन बाजूंनी घेतले. तिने त्यातले एक निवडले आणि चेहऱ्याच्या जागी लावले. 'सर्वांना दाखवा.' मी स्वतः ते बटण दाबले. एवढ्या अटी वाचूनही मला जे सुचले नव्हते ते तिने फरशीवर बसून साधले होते: चित्र सगळ्या जगापुढे होते, आणि त्यातली खूण एकाच व्यक्तीसाठी होती. मी तिला तसे म्हणालो नाही. माझ्याकडून स्तुती आली की तिला काहीतरी बिघडल्याचा संशय येतो.

मी कंपनीला पत्र मात्र लिहिले, पोचपावतीसह. त्यात माझ्या शिखराच्या विवेचनापेक्षा अधिक सबळ मुद्दा होता. आपल्या पर्यायांत सर्व आहेत, मित्र आहेत, मित्रांचे मित्र आहेत. परंतु हरवलेल्या मैत्रिणीची सोय कोणत्याही पर्यायात नाही. जिला मी ओळखतो आणि जी मला ओळखते, पण जी आज माझ्या यादीत नाही, तिला तेवढे दार उघडे ठेवण्याची तजवीज आपण करावी. उत्तर आले नाही. तेव्हा मी हाच मजकूर त्यांच्या संकेतस्थळावरून पाठवला. त्याला क्षणार्धात उत्तर आले. आपल्या अभिप्रायाबद्दल आभार, असे त्यात लिहिले होते, आणि मला माझ्या पहिल्या नावाने एकेरीत संबोधले होते. त्याबद्दल मी वेगळे पत्र लिहिले.

चैत्र संपला. पत्नी दुपारी भांडी आटोपली की चष्मा लावून संगणकासमोर बसे. चित्राखाली लोक लिहीत: रांगोळी सुंदर आहे, मावशी. कुणी पुस्तक आहे का विचारी. ती सर्वांना उत्तरे देई. मदुराईच्या मुलाने रसम जमल्याचे कळवले. मैत्रिणीचा पत्ता नव्हता.

आमच्याकडचा पाऊस तमिळ ऐप्पसी महिन्यात येतो, म्हणजे दिवाळीच्या सुमारास. तो आला, रस्ता तुंबला, वीज जाऊ लागली, आणि एका दुपारी मला जाणवले की ती बरेच दिवस संगणकासमोर बसलेली नाही. कारण विचारले तर म्हणाली की डोळे दुखतात. संध्याकाळी ती गॅलरीतल्या अंधारात बसून पावसाने पडलेली जास्वंद सरळ बांधत होती. मी दिवा लावला तर म्हणाली, राहू दे.

"ती गेली असेल हो," ती पाठमोरीच म्हणाली. "आमच्या वयाच्या किती जातात."

मी म्हणालो की पुराव्याशिवाय असा निष्कर्ष काढता येत नाही. मग मी तिच्याकडे खात्याचा पासवर्ड मागितला. तिने सांगितला. म्हणाली, बनियनचा फोटो काढायचा असेल तर काढा, आता काय.

मी बनियनचा फोटो काढला नाही. रोज सकाळी वर्तमानपत्र झाल्यावर मी तिच्या वतीने, तिचा मुखत्यार म्हणून, ते पान उघडू लागलो. उत्तरे देणे माझ्या अखत्यारीत नव्हते. मी फक्त वाचीत असे. त्या मुलांनी तिची चौकशी केलेली असे. आंटी कुठे आहेत, बऱ्या आहेत ना. त्यांच्याविषयीचे माझे मत मी काही अंशी बदलले.

मार्गशीर्षात एका सकाळी पानावर नवा स्क्रॅप होता. लिहिणाऱ्या व्यक्तीचे चित्र नव्हते, खात्यावर काहीही उघडे नव्हते, नावाच्या जागी दोन अक्षरे होती. मजकूर रोमन लिपीत आणि मराठीत होता. मी अडखळत वाचला.

'काय ग, अजून झाकण चुकवूनच राहिली तू? वाफ जायला भोक कुठाय त्याला? किती वेळा सांगितलं.'

मी तो पुन्हा वाचला, आणि माझ्यातला वकील ताठ उभा राहिला. मैत्रीण तमिळ, मजकूर मराठी, आणि तोही थेट नागपूरकडचा. खात्याची ओळख पूर्णपणे झाकलेली. ते भांडे ओळखून झाकणावर शेरा मारणे चित्र पाहणाऱ्या दुसऱ्या कुणालाही शक्य होते. हे सरळ तोतयेगिरीचे प्रकरण होते. तरीही मी पत्नीला हाक मारली, आणि माझी हाक नेहमीपेक्षा मोठी निघाली असावी, कारण ती पोळपाटावरून तशीच पिठाच्या हातांनी आली.

तिने चष्मा लावला नाही. पडद्याला नाक लावून वाचले, आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

मी माझे आक्षेप क्रमाने मांडले. मराठीचा आक्षेप मुख्य होता.

"ती आमच्याच स्वयंपाकघरात मराठी शिकली," पत्नी म्हणाली.

"पेरांबूरला? 'चुकवूनच राहिली'? हे पेरांबूरचे मराठी आहे?"

"ते मला माहीत नाही."

मी सुचवले की आधी तिची ओळख पटवून घ्यावी. मी प्रश्न तयार करतो: शाळेचे नाव, क्वार्टरचा नंबर, वर्गशिक्षिका. उत्तरे आली की मग पुढचे पाहू.

"अहो," ती म्हणाली, "चारचौघांत माझी चूक काढणारी जगात दोनच माणसं. एक तुम्ही. तुम्ही इथे बसलाय."

आणि पिठाच्या बोटांनी, एकेक अक्षर शोधीत, तिने त्या स्क्रॅपखाली आमच्या घराचा दूरध्वनी क्रमांक लिहिला. उघड्या पानावर. सर्वांना दिसेल असा. मी तिचा हात धरण्यापूर्वी तिने बटण दाबले. तडजोडीतले दुसरे कलम, शब्दशः स्वीकारलेले, तिच्या तोंडी होकाराने ठरलेले, क्षणात मोडले. मी हे सर्व तिला ऐकवले. कुकरला वाफ धरेपर्यंत ऐकवीत होतो. ती ऐकून घेत नव्हती. पोळ्या तशाच टाकून ती फोनजवळच्या वेताच्या मोड्यावर बसली होती, पीठ हातावर वाळत होते.

फोन वाजला तेव्हा ती उठली, पण तिच्याने उचलवेना. मी उचलला.

पलीकडच्या स्त्रीने एक नाव घेतले आणि ती आहे काय, म्हणून विचारले. त्या नावाने आमच्या फोनवर आजतागायत कुणी कुणाला मागितले नव्हते. राँग नंबर म्हणण्याची सवय माझ्या जिभेवर आलीच होती. समोर पत्नी उभी होती.

"आहे," मी म्हणालो. "तिचा नवरा बोलतोय."

"नमस्कार भाऊजी," पलीकडून आवाज आला. "तीस वर्षं झाली आम्हाला नागपूरला. यजमान रेल्वेत होते ना. सगळे जण मला इथलीच समजतात. जेवण व्हायचं असेल ना तुमचं? मी अवेळी फोन करून राहिली."

मी म्हणालो की वेळेचा प्रश्न नाही. मग, असत्य बोलणे मला जमत नसल्याने, हेही सांगितले की तिचे मराठी पाहून मी तिला तोतया ठरवले होते.

ती मोठ्याने हसली. "माझ्या पोरानं तर माझं सगळंच बंद करून ठेवलंय भाऊजी, फोटो अन् नाव काही दिसू देत नाही. तुमच्यासारखाच आहे. देता काय तिला?"

मी रिसीव्हर पत्नीच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला. आधी एक वाक्य तमिळमध्ये बोलली, आणि पलीकडून मराठीत काहीतरी आले असावे, कारण तिने उत्तर मराठीत दिले. मग परत तमिळ. मी तिथेच उभा होतो. मला वाटले की मी असणे स्वाभाविक आहे.

तिने माझ्याकडे पाहिले. फोन बिनतारी होता. तो कानाशी धरून ती झोपण्याच्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतले. आतून कडीचा आवाज आला.

या घरात आम्ही राहायला आल्यापासून दिवसाउजेडी ती कडी लागलेली मी ऐकली नव्हती. उंबरठ्याच्या आतले ते घरचे, हे माझे तत्त्व. घराच्या आतही आणखी एक उंबरठा असू शकतो, हे माझ्या कोणत्याही पत्रात आलेले नव्हते. क्षणभर मला रागही आला, आणि मी दारापर्यंत गेलो. आतून हसणे ऐकू येत होते, नंतर काही ऐकू येईना. मी मागे सरलो.

संगणकावर पान उघडेच होते. मी दूरध्वनी क्रमांकाची ओळ काढून टाकली. स्वयंपाकघरात कुकर शिट्टीच्या बेतात होता, तो मी बंद केला. खालून फुलवाली हाका मारीत जिन्याने वर येत होती. ती दारात पोचून नेहमीसारखी "अम्मा" म्हणून ओरडण्याआधी मी दार उघडले, ओठांवर बोट ठेवले, आणि माझ्या मोडक्या तमिळमध्ये तिला सांगितले की अम्मा कामात आहे. कोणत्या कामात, असे तिने विचारले. मी सांगितले नाही. तिच्याकडून दुप्पट गजरा घेतला आणि दार आवाज न करता लावले.